वरातीत तासाभरात ओठ बधिर होतात. अगदी हळू वाजवून ट्रम्पेटचा दम वाढतो का?

वाढतो. पण "हळू" म्हणजे फुंक मेलेली नव्हे, इथंच बहुतेकांची गफलत होते. आवाज बारीक, हवा मात्र सरळ आणि चालती पाहिजे.

मी सांगलीत बँडमध्ये वाजवतो. सीझनमध्ये नुसतं जोरात वाजवून माझाही वरचा ओठ सुजायचा. जोरात वाजवताना माऊथपीस ओठावर दाबून सूर निघतो, त्यामुळं चूक झाकली जाते. हळू वाजवताना ती झाकता येत नाही. ओठांमधली फट जरा मोठी राहिली की सूर येतच नाही, नुसती हवा फुसफुसते.

मधल्या जी (G) या सुरावर जीभ न लावता, फक्त श्वासानं सूर सुरू करून बघा. पहिले काही दिवस सूर उशिरा लागेल. लागू दे. दाब वाढवून तो ओढून आणू नका, गळा आवळू नका, तोंडाचे कोपरे तेवढे घट्ट ठेवा. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) वाजवणारे हर्बर्ट क्लार्क यांच्या १९१२ च्या अभ्यासमालेत हेच आहे: खालच्या एफ शार्पपासून सी पर्यंत अर्ध्या-अर्ध्या सुराच्या पायरीनं सातही सूर ओळीनं वर-खाली, अगदी मंद आवाजात, एका श्वासात जमतील तितक्या वेळा. बोटंही यातच मोकळी होतात.

जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ विश्रांती. ओठ थरथरले की ट्रम्पेट पेटीत बंद. वरातीच्या आदल्या रात्री तर फार वाजवूच नका. आठवड्यातून दोनदा मोकळा आवाजही काढा, त्यासाठी कृष्णेचा घाट आहेच. घरात बारीक वाजवलं तर शेजारीही खूश.