सिलिंडरमधला ओरखडा आणि एपॉक्सी

प्रश्न : आमच्या छोट्या पेट्रोल जनरेटरच्या सिलिंडरमध्ये उभा ओरखडा पडला आहे. तो घरीच एपॉक्सीने भरता येईल का? – एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : कृपया भरू नका. असा जनरेटर बहुधा मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून मिनिटाला ६,००० वेळा घासत जातात; त्यातच ती भिंत १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि साधे एपॉक्सी त्याच्या निम्म्या तापमानालाच मऊ पडू लागते. ओरखड्यावरून नख आडवे फिरवून पाहा. ते अडकत नसेल, तर होनिंगने (भिंत घासदगडांनी हलकेच घासून एकसारखी करण्याने) भागण्याची शक्यता असते. अडकत असेल आणि लायनर (सिलिंडरचे आतले नळकांडे) बिडाचा असेल, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक भागातील जाणत्या कारागिराकडून बोअरिंग करून (म्हणजे भोक थोडे मोठे कोरून) ओव्हरसाइज, म्हणजे किंचित मोठ्या मापाचा, पिस्टन व रिंगा बसवून घ्याव्यात. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या कवचाची) बाहेरची बारीक चीर मात्र, तेलाचा अंश पूर्ण पुसून व पॉलिश पेपरने घासून, एपॉक्सीने बुजवता येते.