बॉबीची भूमिका करणाऱ्या नव्या दोस्तास

डेव्हिड मॅमेटचं 'अमेरिकन बफेलो' १९७५ साली शिकागोत पहिल्यांदा रंगमंचावर आलं. भंगार सामानाचं दुकान, तीन माणसं (दुकानाचा मालक डॉन, त्याच्या हाताखालचा पोरगा बॉबी आणि डॉनचा दोस्त टीच), आणि शेवटपर्यंत न होणारी नाण्यांची चोरी, एवढंच कथानक. म्हणून बॉबी करताना चोर रंगवू नकोस. डॉनवर त्याचा जीव आहे, ते आधी धर.

सगळं नाटक त्या नाण्याच्या प्रसंगावर उभं आहे. बॉबी डॉनसाठी बायसनची (अमेरिकेतल्या रानगव्याची) छाप असलेलं नाणं विकत आणतो आणि नेमका त्यामुळेच संशयात सापडतो. ते नाणं देताना हात पुढे कर, पण मूठ लगेच उघडू नकोस. डॉनच्या तोंडाकडे बघ. तो खूश होईल का, एवढंच मनात ठेव. "कुठून आणलंस?" हा प्रश्न आला की उत्तराआधी थांब. ती शांतता प्रेक्षकाला टोचली पाहिजे.

टीच बॉबीला मारतो तो प्रसंग दिग्दर्शकाबरोबर मोजून बसव, उगाच जोर नको. मला मारापेक्षा डॉनचं टीचला न अडवणं जास्त लागतं. खरा दगा तिथं होतो.

भाषेचं म्हणशील तर, बेळगावात तालीम करतोयस ना, मग पुणेरी उच्चार कशाला ओढून आणतोस? खडेबाजारात दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलतो, तो हेल कानात घे. नावं, गाव आणि नाणं मात्र शिकागोचंच राहू दे. डॉन करणाऱ्याबरोबर तालमीनंतर रोज चहाला बस.