चर्चच्या छतासाठी निधी जमवतोय, पण मंडळीतले लोक पुढे येत नाहीत. काय करावं?

आधी पाळक आणि पंचांनी आपलं दान द्यावं, मग मंडळीकडे मागावं. बायबलमधल्या '१ इतिहास' पुस्तकाच्या २९व्या अध्यायात दाविद राजानेही मंदिरासाठी आधी स्वतःचं सोनं-चांदी दिलं, मग वडीलधारे सरसावले.

दुसरं, 'छतासाठी मदत करा' एवढ्यावर खिशात हात जात नाही. आमच्या कोल्हापुरातल्या मंडळीत उपासनेनंतर सगळ्यांना गळक्या कोपऱ्यात नेलं. तिथे बादली ठेवलेली, बाकाचं लाकूड फुगून सालपटं सुटलेली. शेजारी एका पत्र्याची किंमत लिहून ठेवली होती. एक आजी म्हणाल्या, "अर्धा पत्रा माझा."

वेळही बघा. शेतकरी कुटुंबांना उसाचं बिल जमा झाल्यावरच देता येतं, पगारदारांना महिन्याच्या सुरुवातीला. म्हणून आकडा आज लिहून घ्या, पैसे हप्त्याने येऊ द्यात. कापणीच्या सणाला आलेल्या नारळ-भाजीचा लिलावही या कामासाठी ठेवता येतो.

देणाऱ्यांची नावं रकमेसकट वाचू नका, हात जोडून सांगतो. बायबलमधल्या गरीब विधवेची दोन नाणी आठवा; येशूने तिचंच दान सगळ्यात मोठं म्हटलं. कमी देणारा माणूस लाजून पुढच्या रविवारी येतच नाही. एकूण जमा आणि खर्च मात्र दर रविवारी फळ्यावर लिहा, पावती प्रत्येकाला द्या.