दोन मतांनी हुकलेले नेतेपद

मागील अंकात या सदरात मार्गारेट थॅचर यांना १९९० साली त्यांच्याच हुजूर पक्षाच्या खासदारांनी पंतप्रधानपदावरून दूर केल्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची बरीच उत्तरे त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : थॅचर यांना २०४ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मायकल हेझल्टाइन यांना १५२ मते पडली, असे आपण लिहिले होते. बावन्न मतांनी पुढे असलेल्या नेत्याला दोन दिवसांत माघार घ्यावी लागते, हे समजत नाही. (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : त्या वेळी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये हुजूर पक्षाचे ३७२ खासदार होते आणि नेता निवडण्याचा अधिकार फक्त त्यांना होता. पहिल्याच फेरीत निकाल लागायचा असेल तर उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते लागत, आणि शिवाय दुसऱ्या उमेदवारावर एकूण मतदारसंख्येच्या पंधरा टक्के इतकी आघाडी लागे. ३७२ चे पंधरा टक्के म्हणजे ५५.८, म्हणजे प्रत्यक्षात ५६ मते. थॅचर यांची आघाडी ५२ होती. ही चार मतांची तूट दिसते त्याहून लहान आहे. हेझल्टाइन यांच्याकडचे केवळ दोन खासदार इकडे वळले असते तर आकडे २०६ आणि १५० झाले असते आणि २० नोव्हेंबरच्या संध्याकाळीच प्रश्न मिटला असता. उरलेल्या १६ जणांनी दोघांपैकी कोणालाच मत दिले नव्हते. त्यांतील चौघांचे मन वळवता आले असते तरी पुरेसे होते.

म्हणून खरा प्रश्न असा आहे की साडेअकरा वर्षे सत्तेवर असलेल्या आणि लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकलेल्या नेत्याला एवढी थोडी मते का जमवता आली नाहीत. पोल टॅक्सवरून, म्हणजे प्रत्येक प्रौढ माणसावर माणशी बसवलेल्या स्थानिक करावरून, देशभर असंतोष होता, युरोपच्या प्रश्नावर पक्ष दुभंगला होता, आणि ऑक्टोबरमध्ये ईस्टबोर्नची हक्काची जागा पोटनिवडणुकीत गेली होती. खासदार मत देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आधी स्वतःचा मतदारसंघ असतो, आणि ईस्टबोर्नसारखी जागा गेली तर आपली कशी टिकेल, ही धास्ती कोणत्याही तात्त्विक मतभेदापेक्षा मोठी होती. १ नोव्हेंबरला उपपंतप्रधान जेफ्री हाव यांनी राजीनामा दिला आणि १३ तारखेला सभागृहात त्याची कारणे सांगितली. सलामीच्या फलंदाजांना मैदानावर धाडावे आणि पहिला चेंडू पडण्यापूर्वीच आपल्या कर्णधाराने बॅटी मोडून ठेवल्याचे त्यांना कळावे, अशा आशयाची त्यांची उपमा आजही सांगितली जाते. मृदू बोलण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७९ पासून प्रत्येक मंत्रिमंडळात असलेल्या माणसाने हे बोलावे, याचा घाव विरोधकांच्या कोणत्याही टीकेपेक्षा खोल गेला. दुसऱ्याच दिवशी हेझल्टाइन यांनी उमेदवारी जाहीर केली.

येथून पुढे डावपेचांच्या चुका सुरू होतात. प्रकरण लवकर निकालात निघावे म्हणून थॅचर यांनी निवडणुकीची तारीख अलीकडे घेतली होती, आणि त्यामुळे मतदानाच्या दिवशी त्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पॅरिसमध्ये होत्या. पंतप्रधानाने सभागृहाच्या चहापानाच्या खोलीत मते मागत फिरू नये, असे त्यांचे मत होते. प्रचाराची धुरा पीटर मॉरिसन यांच्याकडे होती, आणि खासदारांनी दिलेली आश्वासने त्यांनी प्रमाणाबाहेर खरी मानली. गुप्त मतदानात तोंडावर दिलेल्या होकारातून काही टक्के वजा करूनच हिशेब मांडावा लागतो, हे आपल्याकडे जिल्हा बँकेची किंवा साखर कारखान्याची निवडणूक लढवलेला कोणीही कार्यकर्ता सांगेल. स्वतः थॅचर १९७५ मध्ये तेव्हाचे पक्षनेते एडवर्ड हीथ यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे प्रचारप्रमुख एअरी नीव्ह यांनी याच्या नेमके उलट केले होते. आपल्या उमेदवाराची मते कमी असल्याचे ते मुद्दाम सांगत राहिले, त्यामुळे हीथ यांना फक्त एक हिसका द्यावा असे वाटणाऱ्यांनीही थॅचर यांना मत दिले, आणि पहिल्या फेरीचा निकाल १३० विरुद्ध ११९ असा त्यांच्या बाजूने लागला.

लंडनला परतल्यावर २१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी मंत्र्यांना एकेक करून भेटीला बोलावले. बहुतेकांचे म्हणणे जवळपास एकच होते : आपले मत त्यांनाच असेल, पण त्या जिंकणार नाहीत. माझ्या मते ही सर्वांत महागात पडलेली चूक होती. सगळे मंत्रिमंडळ एकत्र बसले असते तर नेत्यासमोर प्रतिकूल बोलण्याची सुरुवात कोणी करायची, या संकोचातच बैठक संपण्याचा संभव होता. बंद दाराआड एकट्याने बोलताना तो संकोच उरत नाही, आणि तेच वाक्य दहा-बारा वेळा ऐकल्यावर ते सल्ला राहत नाही, निकाल होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माघार जाहीर केली.

प्रश्न : मग हेझल्टाइन पंतप्रधान का झाले नाहीत? त्यांची वेळ चुकली का? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : वेळ त्यांनी निवडलीच नव्हती, ती त्यांच्यावर येऊन पडली. जानेवारी १९८६ मध्ये वेस्टलँड या हेलिकॉप्टर कंपनीच्या प्रश्नावरून ते मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून गेले आणि पुढची जवळपास पाच वर्षे त्यांनी देशभर पक्षाच्या खासदारांसाठी सभा घेत घालवली. पण थॅचर यांच्याविरुद्ध उभे राहू का, या प्रश्नावर त्यांचे तळ्यात मळ्यात चालू राहिले. डिसेंबर १९८९ मध्ये अँथनी मेयर नावाच्या फारशा परिचित नसलेल्या खासदाराने पाणी जोखून दाखवले होते. त्यांना अवघी ३३ मते पडली, परंतु ज्यांनी मत बाद केले किंवा दिलेच नाही त्यांना धरून एकूण ६० खासदार थॅचर यांच्या बाजूने नव्हते. हाव यांच्या राजीनाम्यानंतर हेझल्टाइन यांनी आपल्या मतदारसंघाच्या अध्यक्षांना नाराजीचे जाहीर पत्र लिहिले आणि स्वतः पश्चिम आशियाच्या दौऱ्यावर गेले. पत्र लिहून झाल्यावर मागे फिरण्याची वाट राहिली नव्हती.

दुसरे कारण नियमात होते, आणि मला तेच निर्णायक वाटते. पहिल्या फेरीत निकाल लागला नाही तर दुसऱ्या फेरीत नवे उमेदवार उतरू शकत. थॅचर मैदानात होत्या तोवर परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड आणि अर्थमंत्री जॉन मेजर यांना निष्ठेपोटी उभे राहता येत नव्हते. थॅचर यांच्या उमेदवारीचे सूचक आणि अनुमोदक हेच दोघे होते. त्या दूर होताच दोघेही उतरले. २७ नोव्हेंबरला मेजर यांना १८५, हेझल्टाइन यांना १३१ आणि हर्ड यांना ५६ मते पडली. बहुमताला मेजर यांना दोन मते कमी होती, पण बाकीच्या दोघांनी लगेच माघार घेतली. हेझल्टाइन यांची पहिल्या फेरीतली १५२ मते एका आठवड्यात १३१ झाली, याचा अर्थ त्या १५२ पैकी पुष्कळ मते त्यांच्यासाठी नव्हतीच, ती फक्त थॅचर यांच्या विरोधात होती. नेत्याला प्रत्यक्ष घाव घालणाऱ्यावर त्या नेत्याचे निष्ठावंत राग धरतात आणि त्यांची मते तिसऱ्याकडे जातात. त्या निर्णायक दिवसांत मेजर अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर हंटिंग्डनच्या घरी विश्रांती घेत होते, आणि कोणत्याही बाजूच्या रोषात ते सापडले नाहीत.

प्रश्न : आम्ही येथे आलो तेव्हापासून पंतप्रधान इतक्या वेळा बदलले की मुलांना शाळेत नावे पाठ करताना गोंधळ होतो. येथे हे इतके झटपट कसे घडते? (एक वाचक, सिडनी)

उत्तर : ऑस्ट्रेलियात खासदारांच्या बैठकीत नेतेपद रिक्त असल्याचा ठराव मांडला की मतदान घेता येते, त्यासाठी ठरलेला हंगाम नाही. त्यामुळे आव्हान देणारा अंधारात तयारी करू शकतो. २०१० मध्ये २३ जूनच्या संध्याकाळी आव्हानाची बातमी फुटली आणि २४ च्या सकाळी पंतप्रधान केव्हिन रड यांनी मतदानाला उभे न राहताच जागा सोडली. जुलिया गिलार्ड बिनविरोध आल्या. बचाव करणारा नेताही हे शस्त्र वापरू शकतो. २१ ऑगस्ट २०१८ रोजी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी आव्हान देऊ पाहणारे पीटर डटन यांची तयारी पुरी होण्याआधीच स्वतःहून नेतेपद मतदानाला टाकले आणि ४८ विरुद्ध ३५ मतांनी जिंकले. पण स्वपक्षाच्या ३५ खासदारांना आपण नको आहोत, हेही त्यांनी स्वतःच जगजाहीर केले. तीन दिवसांत त्यांना जावे लागले, आणि पद डटन यांना मिळाले नाही, तर स्कॉट मॉरिसन यांना ४५ विरुद्ध ४० असे मिळाले.

हरूनही योग्य वेळ साधण्याचे तिथले उदाहरण पॉल कीटिंग यांचे आहे. जून १९९१ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांच्याविरुद्ध ते ४४ विरुद्ध ६६ असे हरले, अर्थमंत्रिपद सोडून मागच्या बाकावर जाऊन बसले आणि थांबले. नोव्हेंबरमध्ये विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन यांनी मोठा आर्थिक कार्यक्रम मांडला, हॉक यांच्या सरकारला त्याला नीट उत्तर देता येईना, आणि अर्थकारण जाणणारा माणूस मागच्या बाकावर बसला आहे याची खासदारांना रोज आठवण होऊ लागली. १९ डिसेंबरला कीटिंग ५६ विरुद्ध ५१ असे जिंकले. पहिला पराभव हा त्यांच्या मोहिमेचाच भाग ठरला.

आता मात्र दोन्ही मोठ्या पक्षांनी दारे बरीच लावून घेतली आहेत. मजूर पक्षाने २०१३ मध्ये पदावरील पंतप्रधानाविरुद्ध ७५ टक्के खासदारांच्या सह्यांची अट घातली, तर लिबरल पक्षाने २०१८ च्या अखेरीस निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधानाला हटवण्यासाठी दोन तृतीयांश मतांची.

प्रश्न : ब्रिटनमध्ये विश्वासमत जिंकलेल्या नेत्याला वर्षभर अभय असते, असे वाचले. मग बोरिस जॉन्सन महिन्याभरात कसे गेले? (बँक कर्मचारी, नाशिक)

उत्तर : ते अभय फक्त पुन्हा विश्वासमत घेतले जाण्याविरुद्ध असते. हुजूर पक्षाच्या पुढे बदललेल्या नियमानुसार पंधरा टक्के खासदारांनी पत्रे दिली की विश्वासमत घ्यावे लागे आणि जिंकणाऱ्या नेत्याविरुद्ध बारा महिने ते पुन्हा घेता येत नसे. पंतप्रधान थेरेसा मे डिसेंबर २०१८ मध्ये २०० विरुद्ध ११७ अशा जिंकल्या; त्यांच्या विरोधकांनी पत्रांची घाई केली आणि हातचे हत्यार वर्षासाठी गमावले, तरीही पुढच्या मे महिन्यात मे यांना राजीनामा जाहीर करावा लागला. जॉन्सन यांनी ६ जून २०२२ ला २११ विरुद्ध १४८ असा विजय मिळवला, पण ५ जुलैला ऋषी सुनक आणि साजिद जाविद यांनी मंत्रिपदे सोडली, त्यामागून राजीनाम्यांची रीघ लागली आणि ७ जुलैला त्यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचे सांगितले. सरकार चालवायला माणसेच उरली नाहीत तर नियमातल्या अभयाचा उपयोग होत नाही.

प्रश्न : आपल्याकडे सत्ताधारी पक्षात अशी निवडणूक का होत नाही? पक्षांतरबंदी कायदा आड येतो का? (वकील, नागपूर)

उत्तर : कायदा थेट आड येत नाही. १९८५ मध्ये घटनेत आलेली दहावी अनुसूची, म्हणजेच हा कायदा, सभागृहातील मतदान आणि पक्षाचे सदस्यत्व सोडणे यांच्याशी संबंधित आहे. आमदारांनी किंवा खासदारांनी पक्षाच्या बैठकीत गुप्त मतदानाने नेता बदलण्याला तिच्यात बंदी नाही. अडचण अशी आहे की आपल्या पक्षांच्या घटनांत असे आव्हान देण्याची ठरलेली, मतमोजणीने संपणारी वाट नाही. त्यामुळे नाराजीला पक्षाबाहेरचा रस्ता धरावा लागतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य आमदार वेगळे झाले तेव्हा तो वाद पक्षाच्या मतपेटीत सुटला नाही. तो राज्यपाल, विधानसभा अध्यक्ष, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय अशा चार दारांतून फिरला. वकील म्हणून आपण त्यातील निकालपत्रे वाचली असतील, तर नेमका पक्ष कोणता, हाच प्रश्न त्यांत किती पाने व्यापतो, हे आपल्या ध्यानात आले असेल.

मात्र ही प्रथा आपल्याला अगदीच अपरिचित नाही. लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेसच्या संसदीय पक्षाने गुप्त मतदान घेतले. पक्षाध्यक्ष कामराज यांच्यासह बहुतेक बड्या नेत्यांना बिनविरोध निवड हवी होती, पण पूर्वी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले मोरारजी देसाई माघार घ्यायला तयार झाले नाहीत. इंदिरा गांधी यांना ३५५ आणि देसाई यांना १६९ मते पडली. पद रिकामे असताना झालेली ती निवड होती, पदावरील पंतप्रधानाला दिलेले आव्हान नव्हते. परंतु हरलेले देसाई पक्षातच राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याच इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले.