आधी पत्रा, मग इंजिन

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या दोन जुन्या शेव्हर्ले गाड्यांचे फोटो मिळाले. ओहायोतल्या लाल कॅमॅरोचे ढीगभर आणि न्यू मेक्सिकोतल्या शेव्हेलचे जेमतेम तीन. तुझं मन कुठे अडकलंय ते एवढ्यावरूनच कळलं. व्हिडिओही पाहिला. किल्ली फिरवल्याबरोबर ती कॅमॅरो अशी काही गुरगुरते की तुझ्या हातातला फोन हलतो. आणि खाली तुझा प्रश्न: "काका, चालू गाडी सोडून बिनइंजिनाचं धूड कशाला घ्यायचं?"

कारण पत्रा विकत घ्यायचा असतो, इंजिन नाही. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावं लागेल. कंटाळलीस तरी वाच.

मसल कार म्हणजे मुळात काय? मधल्या आकाराची साधी घरगुती गाडी आणि तिच्यात बसवलेलं मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ साली पॉन्टियॅकने जीटीओ आणली, ती काही वेगळी गाडी नव्हती. टेंपेस्ट लेमान्सवर मिळणारं ते एक ऑप्शन पॅकेज होतं. मधल्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा खुद्द जनरल मोटर्सचाच नियम होता. ३८९चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून घातलं आणि नियमाला बगल दिली. म्हणजे या जातीत पहिल्या दिवसापासून इंजिन हीच बदलायची वस्तू आहे. शेव्हर्लेचं ३५० आजही नवं कोरं, खोक्यात बंद होऊन दारात येतं. तू उचलायचं, बसवायचं. आणि ते नको असेल तर जुनं इंजिन खोलून, बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून देणारे मशीन शॉप गावोगावी आहेत. पंचावन्न वर्षं मिठाच्या पाण्यात भिजलेला पत्रा परत आणून देणारं दुकान मला कुणी दाखवावं.

बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर जे मीठ टाकतात, त्याबद्दल तुला काय सांगायचं, तू इथे चार हिवाळे काढलेस. डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजारएक फूट खाली, मिठाची खाणच आहे. रस्त्यावर टाकायला आणखी कुठून आणायला नको! मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनियात राहिलेली गाडी वरून कितीही लाल असो, खालून तिला विचार.

आता तू म्हणशील, १९६९च्या कॅमॅरोचा तर प्रत्येक पत्रा नवा मिळतो. मिळतो. अख्खं शेल, म्हणजे बॉडीचा सांगाडासुद्धा नवा मिळतो. पण मी पिंपरीत आणि मग इथे मिळून सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात तिथे, काढली आहे, तेव्हा पत्रा मिळणं आणि पत्रा बसणं यातला फरक मला शिकवू नकोस. कॅमॅरोला पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम, म्हणजे अर्धी फ्रेम, आहे. मागे स्वतंत्र फ्रेम नाही, तिथे बॉडी हीच फ्रेम. रॉकर, म्हणजे दरवाज्याखालची पोकळ पट्टी, सडला की दरवाज्याखाली आधारच राहत नाही. आधी आतून अडण्या टाकून बॉडी बांधायची, मगच कापायचं. तसं न करता कापलंस तर दरवाजा नंतर जन्मात नीट लागणार नाही. तेवढं काम पगारी माणसाकडून करून घेतलंस तर इंजिनाचा खर्च किरकोळ वाटेल. आणि अख्खं शेलच बदलणार असशील तर तू नेमकं विकत काय घेतलंस? एक इंजिन आणि एक व्हिनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी. ती पट्टी एका सांगाड्यावरून काढून दुसऱ्यावर ठोकायला गेलीस तर थेट कायद्याच्या कचाट्यात सापडशील, हे विकणारा सांगणार नाही.

शेव्हेलला खाली पूर्ण फ्रेम आहे. बॉडीचे बोल्ट सोडून ती वर उचलता येते, दोन्ही वेगवेगळे दुरुस्त होतात. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला याहून सोपी गाडी नाही. वाळवंटातल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला असणार, सीट फाटलेल्या, खिडक्यांची रबरं वाळून गेलेली. तुला फोटोत तेच दिसलं आणि तू नाक मुरडलंस. अगं, ते सगळं पार्सलने येतं! पत्रा येत नाही पार्सलने. म्हणजे येतो, पण वर लिहिलं तसा.

कॅमॅरोच्या फोटोंत मला काय दिसलं तेही सांगतो. रंग ताजा. खालून काळं अंडरकोटिंग, तेही ताजं. विकायला काढलेल्या गाडीला कुणी खालून एवढ्या प्रेमाने काळं फासत नाही. मागच्या चाकामागे क्वार्टर पॅनेलवरची, म्हणजे चाकाभोवतीच्या मागच्या पत्र्यावरची, रेषा एका जागी विरघळल्यासारखी पुसट झाली आहे. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे, आणि थोडीथोडकी नाही. दरवाजा आणि फेंडरमधली फट वर बोटभर, खाली नखाएवढी. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि तू मला विचारतेस हॉर्सपॉवर किती! त्या काळचे आकडे नुसतं इंजिन टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सरशिवाय मोजलेले असायचे. १९७२ मॉडेलपासून सगळं लावून मोजायला लागले आणि आकडे एकदम खाली आले. त्या आकड्यांवर रात्र घालवू नकोस.

'एसएस'चंही, म्हणजे 'सुपर स्पोर्ट' या जोरदार मॉडेलचंही तेच. शेव्हेलवाला प्रामाणिकपणे सांगतोय की त्याची शेव्हेल म्हणजे साधी १९७० सालची मालिबू आहे, आणि तुला वाईट वाटतंय की ती एसएस नाही. १९६६ ते १९६८ पर्यंत एसएस शेव्हेलचा व्हिन १३८ने सुरू व्हायचा, तेव्हा पट्टी वाचून कळायचं. १९६९पासून एसएस हे पॅकेज झालं. १९७०ची पट्टी १३६ दाखवते, म्हणजे व्ही-८ मालिबू, बस्स. पुढचं कागद सांगतो: बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी, जी नशीब असेल तर पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते. कॅमॅरोवाल्याकडे कागद आहे का? तू लिहिलंयस, "ते म्हणाले हरवला." सगळ्यांचाच हरवतो. पुढच्या जाळीवर एसएसचा बिल्ला लावायला दोन स्क्रू लागतात. खरी मालिबू घे. तिच्यात पुढे काय बसवायचं ते तुझ्या हातात आहे.

तुला ठाऊक आहे, दरवर्षी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारतंच, "काय मग, यंदा निघणार का काकांची गाडी?" माझी लेमान्स मी विकत घेतलेली नाही. कामावरच्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने निवृत्त होताना दिली, इथलीच, मीठ खाऊन वाढलेली. ताईच्या लग्नात तिने त्या गाडीतून यावं अशी काकूची फार इच्छा होती. इंजिन चालत होतं, ब्रेक लागत होते. राहिले होते फक्त मागचे दोन क्वार्टर. एकजण म्हणाला, लांबी भरून, घासून, रंग मारून शुक्रवारपर्यंत देतो. मी नाही म्हटलं. ताई भाड्याच्या गाडीतून आली. ती एका शब्दाने बोलली नाही, काकू अजून बोलते.

मला वाईट वाटतं का? वाटतं. परत तशी वेळ आली तर लांबी भरेन का? नाही भरणार. त्या लांबीखाली गंज तसाच जिवंत राहिला असता, दोन हिवाळ्यांत फुगला असता, आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून काम आलं असतं. मी क्वार्टर कापला, टोकाला टोक लावून जोडला. पत्र्यावर पत्रा चढवला की मधल्या फटीत पाणी बसतं. बहुतेक जण तसंच करतात आणि वरून घासून टाकतात. एका सांध्याला किती वेळ लागतो तुला कल्पना नाही. वेल्डिंगचा एक टाका इथे, एक वीतभर लांब, हात लावून गार झालाय का बघायचं, मग तिसरा. सलग ओढलंस तर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो. लोक म्हणतात काका हट्टी आहे. असेन. पण त्या सांध्यावर नख फिरवून बघ, सापडला तर सांग.

तुझ्या भाड्याच्या गॅरेजचं आणि पैशांचं तू व्यवस्थित मांडलंयस, त्यात मी पडत नाही. एवढंच, गाडी आली की उत्साहात पहिल्या आठवड्यात सगळी खोलून ठेवू नकोस. एक कोपरा खोलायचा, बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव, फोटो, आणि तो कोपरा पुरा झाल्यावरच दुसरा. अर्धवट खोललेल्या गाड्याच विकायला निघतात, आणि त्या स्वस्तात जातात.

शनिवारी ओहायोला जायचं ठरवलंच असशील तर जा, अडवत नाही. सोबत एक लहान चुंबक ने, जुन्या सुती कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जायचा नाही. चाकामागे, दरवाज्याखाली, मागच्या काचेच्या कडेने फिरव. जिथे घसरून पडेल तिथे पत्रा नाही. डिकीतली चटई स्वतः उचल, त्याला उचलू देऊ नकोस. पुढच्या काचेखाली जी जाळी असते, तिच्यात बाटलीभर पाणी ओत आणि लगेच आत वाकून पायाशी हात लाव. ओलं लागलं तर नमस्कार करून निघ. इंजिन चालू करून दाखवतो म्हणाला तर म्हण, राहू दे, ते ऐकलंय मी.

आणि त्याआधी, आजच, न्यू मेक्सिकोवाल्याला फोन कर. मागची काच बसते ती खाच, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या वर जिथे फ्रेम वळते तो भाग आणि बॉडीचे बोल्ट, एवढ्यांचे फोटो माग, उजेडात काढलेले. आले की मला पाठव. रात्री कितीही वाजता पाठव. फक्त बॉनेट उघडून काढलेला एकही नको.

तुझा,
काका