सोलापुरातल्या वाचकगटात विषय आहे 'तत्त्वज्ञान आणि हसणं'. हा विचार फक्त ग्रीकांनीच केला का?

नाही, आपल्याकडेही तो झालाय, आणि फार बारकाईने. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या 6व्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मितात दात दिसत नाहीत, अतिहसितात माणूस कुशी धरून हसतो. प्लेटोला हसण्यात दुसऱ्याच्या फजितीचा आनंद दिसला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्ये ताणलेली अपेक्षा एकदम फुसकी निघणं हे कारण सांगितलं. गटात सुरुवात मात्र एकनाथांच्या 'विंचू चावला'ने करा. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, भारूड बहुतेकांनी ऐकलेलं असतं. लोक विंचवाच्या बोंबेला हसतात आणि तेवढ्यात काम-क्रोधाचा विंचू, सत्त्वगुणाचा अंगारा गळी उतरतो. फक्त भरताची उत्तम-अधम वर्गवारी (स्मित उत्तम पात्रांचं, अतिहसित अधम पात्रांचं) नाटकातल्या पात्रांची आहे. तिच्यावरून मोठ्याने हसणं वाईट, असा नीतिनियम काढू नका.