चार आण्यांची वांगी, बारा आण्यांचा वाफा

काकू, नमस्कार. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या जवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी अपार्टमेंट सोडून 1964 सालचं घर घेतलं. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली, तेव्हापासून एका पगारावर चाललंय. बाहेरचं खाणं बंद केलं. घरातली सगळी कामं व्हिडिओ बघून स्वतःच करायची, असा ह्यांनी चंगच बांधलाय. मी परसात भाजी लावली. हिशोब केला तर वाफ्यावर 640 डॉलर गेले आणि वांगी आली चार. बेसमेंटमधल्या बाथरूमचं काम ऑक्टोबरपासून अर्धवट पडलंय, आणि पाण्याचं बिल वाढतच चाललंय. परवा आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, “आई, आपण गरीब झालो का?” मे महिन्यात सासूबाई यायच्यात. आमचं नेमकं कुठे चुकतंय?

—

अगं, चार वांगी वाचून मला आधी हसू आलं. रागावू नकोस, आमच्या पहिल्या उन्हाळ्यात तीनच आली होती आणि त्यातलं एक सशाने खाल्लं होतं.

तुम्ही दोघं कष्टाला कमी नाही. पण त्याने बाथरूम काढलं, तू शेती काढलीस, म्हणजे दोघांनीही मोठीच कामं अंगावर घेतलीत. पैसा गळतो तो लहान, कंटाळवाण्या जागांतून, जिथे रोज आपला हात लागतो आणि लक्ष मात्र जात नाही.

आधी पाण्याचं बिल बघ. टॉयलेटच्या टाकीचं झाकण उघड, खायच्या रंगाचे चार थेंब आत टाक आणि पंधरा मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नकोस. खालच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाची रबरी झडप, म्हणजे फ्लॅपर, झिजलाय. दहा डॉलरच्या आसपास मिळतो. जुना काढून दुकानात सोबत ने, कारण दोन इंची आणि तीन इंची अशी मापं असतात आणि अंदाजाने आणलेलं हमखास चुकतं. भिंतीजवळचा छोटा नळ बंद करायचा, टाकी रिकामी करायची, जुना फ्लॅपर दोन्ही खुंट्यांवरून काढून नवा बसवायचा आणि साखळी किंचित सैल ठेवायची. पोळ्यांची कणीक मुरेपर्यंत काम होतं. आवाज न करता गळणारं टॉयलेट दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवतं, आणि बहुतेक ठिकाणी सांडपाण्याचा आकारही पाण्याच्या वापरावरच लावतात. म्हणजे एका गळतीचे दोनदा पैसे. घरातली सगळी टॉयलेटं तपास, बेसमेंटमधलं जोडलेलं असेल तर तेही.

दुसरी गळती आपण मराठी माणसं स्वतःच्या हाताने तयार करतो. तळणीचं उरलेलं तेल, कढईतलं तूप, आमटीवरची तर्री, सगळं गरम पाणी सोडून सिंकमध्ये. इथल्या जानेवारीत ते पाइपात पुढे जाऊन गोठतं. सिंकखाली डिस्पोझल, म्हणजे खरकटं दळणारं यंत्र, आहे म्हणून त्यात भात, शेवग्याचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या ढकलतो. भात फुगतो, काड्या दोरासारख्या गुंडाळल्या जातात. एका दिवाळीत आमच्याकडे पंधरा माणसं जेवायला आणि सिंक तुंबलेलं. सुटीच्या दिवशी आलेल्या प्लंबरने जेवढे घेतले, तेवढ्यात महिन्याचं वाणसामान आलं असतं. तेव्हापासून ओट्यावर एक रिकामा पत्र्याचा डबा असतो. तेल त्यात जातं, थिजलं की कचऱ्यात. ताटं आधी पेपर टॉवेलने पुसून मग सिंकमध्ये. पाहुण्यांना मी थोडी विक्षिप्त वाटते, वाटू दे.

आपल्या फोडण्यांचा आणखी एक बळी म्हणजे फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा, फिल्टर. एक इंची असेल तर दर महिन्याला काढून उजेडासमोर धर. करडा झाला की बदल, आणि कडेवरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फर्नेसकडे ठेव. चुलीवरच्या पंख्याची जाळी गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि बेकिंग सोडा घालून अर्धा तास बुडवली की चिकटण सुटते.

आणि ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या नळाची होज, म्हणजे बागेची रबरी नळी, काढ. आम्ही एका वर्षी विसरलो. नळ ‘फ्रॉस्ट-फ्री’, म्हणजे थंडीत न गोठणारा, आहे म्हणून निर्धास्त होतो, पण होज लावलेली राहिली तर पाणी आतच अडकतं, गोठतं आणि पाइप फुटतो. फुटलेलं कळतं केव्हा, तर एप्रिलमध्ये पहिल्यांदा नळ सोडल्यावर, बेसमेंटच्या भिंतीतून पाणी यायला लागतं तेव्हा.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. घर 1964 चं आहे. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली 1978 मध्ये. त्याआधीचा रंग सँडपेपरने घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि तुमच्याकडे लहान मूल आहे. त्या काळातल्या बेसमेंटमध्ये नऊ इंची चौकोनी फरश्या सापडल्या, तर त्यांत किंवा त्यांखालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे तंतू, असण्याची शक्यता चांगलीच असते. काम अर्धवट राहिलंय ते एका अर्थी बरंच झालं. त्याला म्हणावं, काही उखडलं नसेल तर हात लावू नकोस. उखडलं असेल तर झाडू नकोस, साधा व्हॅक्यूम फिरवू नकोस, दार बंद कर आणि आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घे. नमुना काढायलाही जाणता माणूस बोलाव. ब्रेकरचं पॅनल, गॅसची लाइन, वॉटर हीटर बदलणं आणि छप्पर ही कामं माहीतगार आणि परवानाधारक माणसाचीच. त्यासाठी वेगळे पैसे बाजूला टाकायचे, मग ते दरमहा थोडेच का असेनात. नळाचा वायसर, दाराची बिजागरी, खिडकीच्या फटी बुजवणं, भिंतीचं भोक लिंपणं, ड्रायरच्या मागच्या पाइपातलं लिंट (कपड्यांचा भुसा) काढणं, वॉटर हीटरचं तापमान 120 फॅरनहाइटवर आणणं ही त्याची कामं. यादी काही लहान नाही.

आता वाफा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तसं झालंय तुझं. पण लाकूड आणि माती आता आलेली आहे. तो खर्च होऊन गेला, यंदा तो धरू नकोस.

वांग्याच्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं होती का? असतील तर तो फ्ली बीटल, उड्या मारणारा बारीक किडा. रोप लावल्याबरोबर पातळ पांढरं कापड अंथरून कडा मातीत दाबायच्या आणि फुलं आली की काढायचं. आणि कुंपणापलीकडे काळ्या अक्रोडाचं झाड आहे का, तेही बघ. ओहायोत ते जागोजागी आहे. त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य सुटतं, त्याने टोमॅटो आणि वांगी उभ्या उभ्या माना टाकतात. पाणी कमी पडलं म्हणून आपण आणखी पाणी घालत बसतो. तसं असेल तर ही दोन्ही मोठ्या कुंड्यांत, झाडापासून लांब.

पण मी विचारते, वांगी हवीतच कशाला? उन्हाळ्यात इथे वांगी आणि टोमॅटो स्वस्तच असतात. पैसे वाचतात ते पालेभाजीत. भारतीय दुकानातली मेथीची जुडी निम्मी पिवळी निघते, कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते, माठ, अळू मिळाले तर मिळाले. हे लाव. मेथीला वेगळं बी घ्यायला नको, फोडणीच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेर, महिन्याभरात भाजी. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कर आणि एप्रिलमध्ये पेर. जुलैच्या उकाड्यात कोथिंबीर फुलावर जाते, मग पुन्हा ऑगस्टअखेर. दर दोन आठवड्यांनी मूठभर पेरलीस तर पुरते. भेंडीला घाई करू नकोस. इथे मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, थंडीचा कडाका येऊ शकतो आणि भेंडीला जमीन चांगली तापलेली लागते. मेअखेर, बी रात्रभर भिजवून. पुदिना कुंडीतच, नाहीतर पुढच्या वर्षी सगळा वाफा पुदिन्याचा. अळूसाठी दुकानातल्या अळकुड्यांपैकी कोंब आलेल्या दोन-तीन निवड, कुंडीत लाव आणि ऑक्टोबरात कुंडी आत घे.

पालेभाजी मातीतलं शिसं फळभाजीपेक्षा जास्त उचलते, आणि जुन्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत रंगाची पापुद्री पडून मुरलेली असते. तेव्हा भिंतीजवळ काही पेरू नकोस, विकत आणलेल्या मातीच्या वाफ्यातच लाव. जमिनीत लावायचं असेल तर आधी माती तपासून घे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शन (शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या) खात्याची माणसं नमुना कसा घ्यायचा, कुठे पाठवायचा ते सांगतात. कुंपणाचे खांब रोवायचे तर काही दिवस आधी 811 ला फोन कर. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून देतात, पैसे लागत नाहीत.

सासूबाईंना आत्ताच फोन करून सांग, बॅगेत बियाणं आणि कडीपत्ता नको. आपल्या आयांना वाटतं, पदरात बांधून आणलं तर कोणाला कळतंय! विमानतळावर कळतं, काढून घेतात, आणि जाहीर केलं नसेल तर दंडही बसतो. त्यांच्या इथल्या मुक्कामाचा आरोग्यविमा मात्र तिकिटाच्या आधी बघ. बाकी कशातही कात्री लाव, यात नको.

स्वयंपाकघराचं तुला मी काय शिकवणार! एवढंच सांगते, बाहेरचं खाणं बंद झालं म्हणजे खर्च बंद झाला असं नाही. दर शनिवारी भारतीय दुकानात गेलं की फ्रोझन पराठे, फरसाण, आंब्याच्या रसाचा डबा गाडीत येतोच. महिन्यातून एकदा जा, यादी करून, भरल्या पोटी. बाकी इथल्या दुकानाचं पंचांग पाठ कर. मार्चच्या मध्याला सेंट पॅट्रिक्स डेच्या सुमारास कोबी कवडीमोल असतो. ऑक्टोबरअखेरचं हॅलोविन उलटलं की भोपळे स्वस्त होतात. कोरायचे मोठे नको, पाय पम्पकिन म्हणतात ते छोटे घे, घारग्यांना उत्तम. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास बटर उतरतं. अनसॉल्टेडच्या चार कांड्या म्हणजे 454 ग्रॅम, त्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश, कढवून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. मी दहा-बारा पाऊंड फ्रीजरमध्ये टाकते. हिवाळ्यात टोमॅटो डब्यातले वापर. त्या दिवसांतले ताजे टोमॅटो म्हणजे नुसता लाल रंग.

मटकीला मोड यायला आणि इडलीचं पीठ आंबायला ओव्हनचा दिवा पुरतो, ओव्हन बंद ठेवून. बटणावर चिठ्ठी चिकटव. आमच्याकडे एकाने न बघता पिझ्झासाठी ओव्हन 400 वर तापवला, आत प्लॅस्टिकच्या डब्यात मटकी होती. तो वास तीन दिवस गेला नाही, आणि डबा नेमका शेजारणीचा.

लेकीला खरं सांग. आईची नोकरी गेली आहे, म्हणून आपण काही गोष्टी थांबवल्या आहेत आणि काही थांबवणार नाही. मग तिच्या समोर त्या दुसऱ्या गोष्टींची नावं घे: पोहण्याचा क्लास, वाढदिवस, जे ठरलं असेल ते. मुलांना आकडे नको असतात, काय जाणार नाही ते कळलं की पुरतं. टाकीत रंग टाकायचं कामही तिलाच दे. आठव्या वर्षी यापेक्षा मजेदार हेरगिरी नाही.

आणि या जूनमध्ये वाफ्याच्या कडेला, ड्राइव्हवेच्या फटीत बघ. जाड, बुळबुळीत, लालसर देठाची वेल जमिनीलगत पसरलेली दिसेल. इथले लोक ती उपटून फेकतात. ती आपली घोळ. देठ मोडून बघ, पांढरा चीक आला तर ती दुसरीच विषारी वनस्पती, टाकून दे. घोळीला चीक नसतो. वाफ्यातलीच घे. ड्राइव्हवेवरची नको, आणि लॉनवर औषध मारलेलं असेल तर तिथलीही नको. चाकवतसुद्धा असाच आपोआप उगवतो, कोवळ्या शेंड्यांवर पिठी भुरभुरल्यासारखं दिसतं. सासूबाईंना मागच्या दारी खुर्ची टाकून दे, त्या बरोबर ओळखतील. ताक घालून करायला सांग, आणि लसूण जरा सढळ हाताने.